लाइट जाऊन आली की घरचा सर्व्हर गायब : एका तक्रारीमागचे चार दोष

"बाबा, आजीच्या ओव्या परत लागत नाहीयेत."

गेल्या पावसाळ्यात मुलीचं हे वाक्य दर आठ-दहा दिवसांनी कानावर पडायचं. आमच्या घरी जुन्या डेस्कटॉपचा केलेला फाइल सर्व्हर आहे. आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या कॅसेटवर होत्या, त्या उतरवून घेतलेल्या फाइली त्याच्यावर आहेत. घरातल्या लग्नकार्यांचे फोटो आहेत, शेताच्या कागदपत्रांचे स्कॅन आहेत. लाइट जायची, तासाभराने यायची, पंखे-फ्रिज सगळं सुरू व्हायचं आणि सर्व्हर मात्र दिसायचा नाही. कधी अर्ध्या तासाने आपोआप उगवायचा, कधी बटण दाबून बंद-चालू केल्यावर, तर कधी काही केल्या नाही.

तक्रार दर वेळी तीच, म्हणून कारणही एकच असणार असं मी धरून चाललो आणि तिथेच तीन महिने गेले. दोनदा तर सगळी सिस्टिम पुसून नव्याने टाकली. दोन्ही वेळा पुढची लाइट जाईपर्यंत सगळं ठीक चाललं. प्रत्यक्षात दोष चार होते आणि एकमेकांशी त्यांचा काही संबंध नव्हता. लाइट जाण्याने ते फक्त उघडे पडत होते. घरी नुकताच सर्व्हर उभा केलेल्या कुणाचे तरी हे तीन महिने वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी मशीनबद्दल थोडक्यात. दुसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, सिस्टिमसाठी १२० जीबीची एसएसडी आणि फाइलींसाठी २ टीबीच्या दोन हार्ड डिस्क. एसएसडीवर डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि फाइली घरभर वाटायला सांबा. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, जिन्याखालच्या कोनाड्यात नुसता डबा. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ओपनमीडियाव्हॉल्ट ही फाइल सर्व्हरसाठीची तयार सिस्टिम सुचवीन. तेही डेबियनवरच उभं आहे, पण बहुतेक कामं ब्राउझरमधून होतात आणि जुन्या मशीनवर ते सुखाने चालतं. तशीच दुसरी सिस्टिम, ट्रूनॅस, चांगली आहे, पण तिला किमान ८ जीबी रॅम लागते.

आधी कुठे अडलंय ते बघा

"सर्व्हर गायब आहे" हे वाक्य डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगण्यासारखं आहे. त्यावरून औषध देता येत नाही. आता मी कशालाही हात लावण्याआधी हे प्रश्न याच क्रमाने विचारतो. डब्यावरचा दिवा लागलाय का? मागच्या नेटवर्क पोर्टचा दिवा लुकलुकतोय का? लॅपटॉपवरून सर्व्हरच्या आयपीला (नेटवर्कवरच्या पत्त्याला) पिंग केलं, म्हणजे हाक मारली, तर उत्तर येतं का? उत्तर येत असेल तर एसएसएचने, म्हणजे लॅपटॉपवरूनच आज्ञा देण्यासाठी, आत जाता येतं का? आत गेल्यावर एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा दिली तर दोन्ही डिस्क दिसतात का, आणि आपापल्या फोल्डरवर बसलेल्या (माउंट झालेल्या) आहेत का?

पहिलं "नाही" जिथे येईल, तिथेच थांबायचं. त्याच्या पुढच्या पायऱ्यांवर घालवलेला वेळ फुकट जातो. पिंगलाच उत्तर नसेल तर सांबाच्या सेटिंगमध्ये डोकं घालून उपयोग नाही. पिंग येत असेल तर केबल बदलत बसू नका.

दुसरं म्हणजे एक वही ठेवा. तारीख, लाइट किती वेळ गेली होती, कुठल्या पायरीवर अडलं, काय केल्यावर सुरू झालं, एवढंच लिहायचं. एका वेळी एकच बदल करायचा. माझे चार दोष वेगळे झाले ते वहीत सहा नोंदी झाल्यावर. सहापैकी दोन वेळा पिंगच येत नव्हतं, दोन वेळा पिंग येत होतं पण फोल्डर रिकामे होते, एकदा एकच डिस्क गायब होती आणि एकदा सर्व्हर ठणठणीत होता, फक्त त्याचा पत्ता बदलला होता.

पत्ता बदलणं

हा सगळ्यात सोपा दोष, म्हणून आधी उरकतो. घरातल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता रूटर वाटतो. लाइट गेली की रूटरही बंद पडतो. बरेच घरगुती रूटर कुणाला कुठला पत्ता दिला होता ती यादी बंद पडताना विसरतात. परत चालू झाल्यावर जो आधी मागेल त्याला आधी पत्ता. माझा सर्व्हर १९२.१६८.१.७ वर होता. एका दुपारी तो १९२.१६८.१.४ वर गेला आणि ७ नंबर टीव्हीला मिळाला. पिंगला उत्तर येत होतं, पण ते टीव्ही देत होता!

उपाय रूटरमध्येच आहे. डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, पानावर पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. तिथे सर्व्हरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) टाकून एक आयपी कायमचा त्याच्या नावावर करायचा. सर्व्हरमध्येच पत्ता हाताने लिहिणार असाल तर रूटर ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा निवडा, नाहीतर तोच पत्ता उद्या कुठल्यातरी फोनलाही मिळेल.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते. फायबरवाल्याने लावलेला डबा स्वतःच रूटर असतो आणि त्याच्यापुढे आपण आपला वायफाय रूटर जोडतो. दोघेही पत्ते वाटत बसतात, एकाचे १९२.१६८.१ चे, दुसऱ्याचे १९२.१६८.० चे. फोन एकावर आणि सर्व्हर दुसऱ्यावर गेला की एकाच खोलीत असून त्यांची गाठ पडत नाही. आपला रूटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका. पत्ते वाटणारा घरात एकच हवा.

पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पिंग मात्र नाही

या दोषाने मला सगळ्यात जास्त छळलं. डबा चालू दिसायचा. कान लावला तर डिस्क फिरताना ऐकू यायच्या. नेटवर्कवर काहीच नाही. बटण दाबून बंद करून चालू केलं तर कधी यायचा, कधी नाही. याच अवस्थेत मी दोनदा सगळं नव्याने टाकलं.

शेवटी शेजारच्या खोलीतला मॉनिटर उचलून कोनाड्यात नेला. काळ्या पडद्यावर दोन ओळी होत्या. सीमॉस चेकसमची चूक, पुढे जायला एफ-१ दाबा. डेबियनपर्यंत गाडी पोचलीच नव्हती. कीबोर्ड नसलेलं मशीन कुणीतरी एफ-१ दाबेल म्हणून तासन्‌तास वाट बघत बसलं होतं.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, ३ व्होल्टची. बायोस म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम. त्याची सेटिंग (सीमॉसमध्ये असते ती) आणि घड्याळ या बॅटरीवर टिकतं. आता गंमत बघा. संगणक बंद असला, पण भिंतीवरचं बटण चालू असलं तर पॉवर सप्लाय मदरबोर्डला थोडी वीज देतच राहतो. तोवर ही बॅटरी संपली असली तरी कळत नाही. मी शंभर वेळा रीस्टार्ट केलं तरी दोष का दिसला नाही, याचं उत्तर इथे आहे. भिंतीतूनच वीज गेली की सगळा भार त्या बॅटरीवर येतो. पाच मिनिटं लाइट गेली तर सेटिंग टिकायची, दीड तास गेली तर पुसली जायची. वहीतल्या वेळा आणि हे गणित तंतोतंत जुळलं.

मल्टिमीटरने मोजली तर २.४ व्होल्ट. नवी ३ च्या थोडी वरच दाखवते. बदलायची रीत सोपी आहे. भिंतीवरची वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. बॅटरीच्या कडेला एक बारीक पट्टी असते, ती नखाने बाहेर ढकलली की बॅटरी टुणकन वर येते. नवी बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर.

बॅटरी बदलली म्हणजे काम संपलं असं नाही. बायोस आता कारखान्यातून आला तसा झालेला असतो. त्यात तीन गोष्टी पुन्हा लावाव्या लागतात. वीज परत आल्यावर मशीनने आपणहून चालू व्हावं, ही पहिली. प्रत्येक बायोसमध्ये तिची शब्दरचना वेगळी असते, पण पॉवरच्या पानावर ती सापडते. कीबोर्ड नसला तरी थांबू नये, ही दुसरी. जुन्या बायोसमध्ये चुकीवर थांबण्याचा पर्याय असतो, तो "कुठल्याच चुकीवर नाही" असा करायचा. आणि आधी एसएसडीवरूनच सुरू व्हावं, ही तिसरी.

मॉनिटर हाताशी नसेल तर एक खूण लॉगमध्येही, म्हणजे सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींत, मिळते. एफ-१ दाबून मशीन सुरू झाल्यावर मी जर्नलसीटीएल या आज्ञेने लॉग बघितला, तर त्या बूटच्या पहिल्या ओळींवर जुनी तारीख होती आणि थोड्या ओळींनंतर एकदम आजची. घड्याळ मागे गेलं होतं आणि नेट आल्यावर सुधारलं होतं. लॉगमध्ये अशी उडी दिसली की आधी बॅटरी बघा.

पिंग येतं, पण फोल्डर रिकामे

हा दोष चौघांत सगळ्यात धोक्याचा आहे, म्हणून हा भाग घाईत वाचू नका.

एफएसटॅब नावाच्या फाइलीत कुठली डिस्क कुठल्या फोल्डरवर बसवायची ते लिहिलेलं असतं. मी नवखा होतो. एका जुन्या लेखात बघून डिस्कचं नाव एसडीबी-१ असं टाकलं. ही नावं डिस्कची नसतात. सुरू होताना जी आधी सापडली ती एसडीए, तिच्या मागची एसडीबी, एवढाच त्यांचा अर्थ. एखादी डिस्क उशिरा जागी झाली किंवा यूएसबीला पेनड्राइव्ह राहिला की नावं सरकतात. त्यामुळे ओव्यांच्या जागी दुसरीच डिस्क बसायची, नाहीतर काहीच बसायचं नाही. डिस्क सापडलीच नाही तर डेबियन ९० सेकंद वाट बघतं आणि आणीबाणीच्या मोडमध्ये जाऊन थांबतं. म्हणजे पुन्हा पिंग नाही आणि मॉनिटर लावल्याशिवाय कारण कळत नाही.

उपाय असा. बीएलकेआयडी आज्ञा दिली की प्रत्येक विभाजनाचा (पार्टिशनचा) यूयूआयडी दिसतो, एक लांबलचक क्रमांक. तो डिस्कवरच लिहिलेला असतो, त्यामुळे वायर कुठेही लावली तरी बदलत नाही. एफएसटॅबमध्ये नावाऐवजी तो टाका आणि पर्यायांत नोफेल हा शब्द जोडा. मग डिस्क आली नाही तरी बाकीचा सर्व्हर सुरू होतो आणि तुम्हाला एसएसएचने आत जाऊन बघता येतं.

पण नोफेल लावलं की एक नवा खड्डा तयार होतो आणि मी त्यात पडलो. डिस्क बसली नाही तरी ज्या फोल्डरवर ती बसायची तो रिकामा फोल्डर एसएसडीवर असतोच. सांबा तो रिकामा फोल्डर खुशाल वाटत राहतं. मुलीचा फोन रात्री फोटो आपोआप सर्व्हरवर टाकायचा. डिस्क बसलेली नव्हती त्या दोन दिवसांत त्याने ३१ जीबी फोटो एसएसडीवरच्या त्या फोल्डरमध्ये टाकले. मग मी डिस्क नीट बसवली आणि ते फोटो दिसेनासे झाले! आतल्या आत पोटात गोळा आला. फोनवरचे तर तिने जागा करायला पुसूनही टाकले होते.

ते गेले नव्हते. भरलेल्या ताटावर दुसरं ताट ठेवावं, तसे ते डिस्कच्या खाली झाकले गेले होते. सांबा थांबवलं, डिस्क अनमाउंट केली, फोल्डर उघडला तर सगळे फोटो जागच्या जागी. ते एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले, डिस्क परत बसवली आणि मग तिच्यावर नेले. तुमची एसएसडी विनाकारण भरलेली दिसत असेल, डीएफ ही डिस्क किती भरली ते सांगणारी आज्ञा एक आकडा सांगतेय आणि फाइलींची बेरीज दुसराच येतेय असं असेल, तर आधी या झाकलेल्या फोल्डरात डोकावा.

हे परत होऊ नये म्हणून डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचएटीटीआर आज्ञेने अधिक आय ही खूण लावून ठेवा. मग रूटलाही (सगळे अधिकार असलेल्या खात्यालाही) त्यात काही लिहिता येत नाही. डिस्क मात्र त्याच्यावर नेहमीसारखी बसते आणि बसल्यावर लिहिणंही नेहमीसारखं चालतं. डिस्क नसताना फोन फोटो पाठवायला गेला तर त्याला चूक दिसते. हवंय तेही तेच.

यातलाच एक भाग बॅकअपचा. रोज रात्री आरसिंक हा नक्कल करणारा प्रोग्रॅम पहिल्या डिस्कवरचं दुसरीवर उतरवतो. मुळातून पुसलेलं नकलेतूनही पुसून टाक, असा डिलीटचा पर्याय त्यात असतो. समजा पहिली डिस्क बसलेलीच नाही आणि तिच्या जागी रिकामा फोल्डर आहे. आरसिंकच्या दृष्टीने तुम्ही सगळं पुसलंत, मग ते इमानेइतबारे नक्कलही पुसून टाकेल. मी तो पर्याय लावलेला नव्हता म्हणून वाचलो. आता माझ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत माउंटपॉइंट ही आज्ञा आहे. दोन्ही डिस्क खरोखर बसलेल्या असतील तरच स्क्रिप्ट पुढे जाते. हीच नक्कल रेडने (दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याच्या सोयीने) का करत नाही, असं विचाराल तर रेड-१ मध्ये चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. रात्रीच्या नकलेत निदान संध्याकाळपर्यंत चूक लक्षात यायला वाव असतो. शिवाय महिन्यातून एकदा तिसऱ्या डिस्कवर उतरवून ती बहिणीकडे, दुसऱ्या गावी ठेवतो. ओव्या पुन्हा रेकॉर्ड करायला आई आता नाही.

एकच डिस्क मधूनच गायब

चौथा दोष वायरीचा निघाला. स्मार्टसीटीएल डॅश ए आणि पुढे डिस्कचं नाव दिलं की डिस्कची कुंडली समोर येते. तिथे ५, १९७ आणि १९८ या ओळींच्या शेवटचे आकडे आधी बघा. हे खराब झालेल्या किंवा वाचता न येणाऱ्या जागांचे. ते वाढत असतील तर डिस्कवर विसंबू नका, आजच्या आज माल दुसरीकडे हलवा. माझ्याकडे तिन्ही शून्य होते. १९९ व्या ओळीवर मात्र ४१२ होते. हा आकडा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वायरीत माहिती किती वेळा विस्कटली त्याचा असतो. चार दिवसांनी तो ४३१ झाला. डीमेसेज या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींतही त्या पोर्टची जोडणी पुन्हा पुन्हा रीसेट होत असल्याच्या आणि साटाचा, म्हणजे त्याच जोडणीचा, वेग कमी केल्याच्या ओळी होत्या.

डबा उघडला तर जुनी लाल साटा वायर, टोकाला धातूची पकड नसलेली, बोट लावल्यावर हलणारी. पकड असलेली नवी वायर लावली, बसताना टिचकी वाजली. हा आकडा परत कधी शून्य होत नाही, त्यामुळे नवी वायर लावल्यावर ४३१ बघून घाबरू नका. तो तिथेच थांबतो की नाही, एवढंच बघायचं. माझा आजही ४३१ आहे.

इन्व्हर्टर असून बंद का पडतं

घराला इन्व्हर्टर होताच, तरी लाइट गेली की सर्व्हर एकदा बंद पडून चालू व्हायचा. संगणकाचा पॉवर सप्लाय वीज नसताना साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला यूपीएस आणि इको असा एक खटका असतो. इकोवर असताना बॅटरीवर जायला लागणारा वेळ पंख्याला चालतो, संगणकाला चालत नाही. तो खटका यूपीएसवर केला. कोनाड्यातला प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे की नाही, तेही वायरमनकडून तपासून घ्या. रूटरचाही तपासा.

तरी बॅटरी कधीतरी उतरणारच. म्हणून नंतर यूएसबी पोर्ट असलेला छोटा यूपीएस घेतला. विकत घेताना हा पोर्ट आहे का ते मुद्दाम विचारा, स्वस्त यूपीएसना बहुधा नसतो. त्या वायरीवरून एनयूटी नावाचा प्रोग्रॅम बॅटरीची अवस्था वाचतो आणि ती उतरत आली की सर्व्हर रीतसर बंद करतो. स्मार्टसीटीएलच्या यादीत १९२ नंबरची ओळ असते. बहुतेक हार्ड डिस्कमध्ये ती न सांगता वीज गेल्यामुळे डिस्कला घाईने आपली मुंडकी मागे घ्यावी लागली असे प्रसंग मोजते. माझ्या डिस्कवर तो आकडा आता आठवड्याला वाढत नाही.

फक्त विंडोजच्याच लॅपटॉपवर सर्व्हर दिसत नसेल आणि फोनवर दिसत असेल तर सर्व्हरचा दोष नाही. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे आयपी टाकून बघा, उघडेल. विंडोजने २०१७ पासून एसएमबी या फाइली वाटण्याच्या पद्धतीची जुनी पहिली आवृत्ती बंद ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे नेटवर्कच्या खिडकीत लिनक्सचा सर्व्हर आपोआप दिसत नाही. सर्व्हरवर डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्रॅम टाकला की दिसतो. पासवर्ड न विचारता उघडणारं पाहुण्यांचं शेअर नव्या विंडोज ११ वर अडतं. सांबामध्ये घरातल्या प्रत्येकाचं खातं आणि पासवर्ड करून द्या, तेच बरं.

आता चाचणी. हे सगळं झाल्यावर पुढची लाइट जायची वाट बघू नका. सर्व्हर रीतसर बंद करा, त्याचा आणि रूटरचा प्लग भिंतीतून काढा, दोन तास तसाच राहू द्या. मग दोन्ही प्लग लावा आणि कशालाही हात लावू नका. घड्याळ घेऊन बसा. मी रविवारी दुपारी केली तेव्हा डबा स्वतःहून चालू झाला. दोन मिनिटांनी रूटर जागा झाला आणि त्यानंतर थोड्याच वेळात पिंगला उत्तर आलं, त्याच पत्त्यावरून. एलएसबीएलकेमध्ये दोन्ही डिस्क आपापल्या फोल्डरवर होत्या. वहीत वेळ लिहीत होतो तेवढ्यात आतल्या खोलीतून जात्याची घरघर आणि आईचा आवाज ऐकू आला. मुलीने फोनवर ओव्या लावल्या होत्या.